लुईस फ्राय रिचर्डसन : चुकलेलं गणित छापणारा माणूस



आज एका गणितज्ञाची ओळख करून देणार आहे. हवामानशास्त्र शिकणाऱ्या जगभरच्या लोकांना हे नाव पाठ असतं, पण आपल्या पाठ्यपुस्तकांत मला ते कधी भेटलं नाही. मला ते का शोधावं लागलं, ते आधी सांगतो.

माझी शाळा वैशाखरे परिसरात, मुरबाड तालुक्यात आहे. समोर नाणेघाट, उजव्या-डाव्या हाताला सह्याद्रीची भिंत, पुढे माळशेज. इथे सगळं भातावर चालतं. दोन वर्षांपूर्वी ऑक्टोबरात एका पालकांनी मोबाइलवरचा अंदाज बघून भात कापला. ठाणे जिल्हा, हवा कोरडी, असं त्यात लिहिलेलं होतं. दुपारी घाटावरून ढग उतरले आणि तासभर पाऊस कोसळला. कापलेला भात पाण्यात आडवा झाला, चार दिवसांत दाण्यांना मोड आले. दुसऱ्या दिवशी मुलीला शाळेत सोडायला आले तेव्हा त्यांनी शांतपणे विचारलं, की गुरुजी, एवढी मोठी मशीनं असून मोबाइल खोटं का बोलतो?

मला उत्तर देता आलं नाही. डी.एड.ला आम्हाला पर्जन्यमापक शिकवला होता, अंदाज कसा काढतात ते नाही. म्हणून वाचायला लागलो आणि वाचता वाचता या माणसापाशी पोहोचलो.

बालपण

लुईस फ्राय रिचर्डसन यांचा जन्म ११ ऑक्टोबर १८८१ रोजी इंग्लंडमधल्या न्यूकॅसल येथे झाला. सात भावंडांत ते शेंडेफळ. वडिलांचा कातडी कमावण्याचा व्यवसाय होता. घराणं क्वेकर पंथाचं. हा ख्रिस्ती धर्मातला एक शांतताप्रिय पंथ. युद्धात शस्त्र उचलायचं नाही, ही त्यांची शिकवण. ती आयुष्यभर लुईसच्या सोबत राहिली.

लहानपणीची एक गोष्ट सांगतात. बँकेत ठेवलेले पैसे वाढतात, असं कुणीतरी त्यांना सांगितलं. पाच-सहा वर्षांच्या लुईसने बागेत खड्डा खणून पैसे पुरले आणि ते वाढतात का ते बघितलं. आपल्या वर्गातही असं एखादं पोर असतंच, बघा. ऐकलेलं खरं आहे का, ते स्वतः करून बघणारं. त्याला आपण उपद्व्यापी म्हणतो.

पुढे यॉर्कच्या बूथम शाळेत शिक्षण झालं, मग न्यूकॅसलच्या विज्ञान महाविद्यालयात, आणि १९०३ साली केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजातून पदवी.

चौकटींचं गणित

पदवीनंतर त्यांनी बऱ्याच नोकऱ्या बदलल्या. त्यातली एक पीट नावाच्या, जळणासाठी वापरल्या जाणाऱ्या दलदलीतल्या मातीच्या कंपनीत होती. दलदलीतलं पाणी वाहून जाण्यासाठी चर कसे काढावेत, हा प्रश्न होता. त्याची समीकरणं मांडता येत होती, पण ती नेहमीच्या पद्धतीने सुटत नव्हती. तेव्हा त्यांनी एक सोपी वाट काढली. सगळ्या जागेवर चौकटी आखायच्या, प्रत्येक चौकटीला एक आकडा द्यायचा, आणि शेजारच्या चौकटींचे आकडे बघून बेरीज-वजाबाकी, गुणाकार-भागाकार करत उत्तराच्या जवळ जवळ जायचं. अवघड गणिताचं त्यांनी चौथीच्या मुलाला करता येईल असं, पण खूप लांबलचक गणित करून टाकलं.

हीच रीत त्यांनी दगडी धरणातले ताण काढायला वापरली आणि १९१० मध्ये ते काम प्रसिद्ध केलं. आकडेमोड करायला त्यांनी मुलं पगारावर ठेवली होती. मोबदला कामावर, आकड्यात जितके अंक त्या प्रमाणात. चुकलेल्याचे पैसे नाहीत. सगळ्यात चपळ मुलगा तीन अंकी संख्यांच्या आठवड्याला सुमारे २००० क्रिया करायचा. हा आकडा लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

त्या वेळच्या मोठ्या गणितज्ञांना हे काम फारसं आवडलं नाही. उत्तर तंतोतंत नाही, जवळपासचं आहे, अशी तक्रार. ज्या फेलोशिपसाठी त्यांनी ते दिलं होतं ती मिळाली नाही.

१९०९ मध्ये डोरोथी गार्नेट यांच्याशी त्यांचं लग्न झालं. त्यांना स्वतःचं मूल झालं नाही. पुढे या जोडप्याने दोन मुलगे आणि एक मुलगी दत्तक घेतली.

गवताच्या ढिगावर बसून केलेला अंदाज

१९१३ साली रिचर्डसन ब्रिटिश हवामान खात्यात लागले आणि स्कॉटलंडमधल्या एस्कडेलमूर वेधशाळेचे प्रमुख झाले. तेव्हा अंदाज कसा काढायचे? जुने नकाशे चाळायचे, आजच्यासारखा नकाशा पूर्वी कधी होता ते शोधायचं, आणि तेव्हा जे झालं तेच आता होईल असं धरायचं. आपल्याकडे जुनी माणसं वाऱ्यावरून आणि पक्ष्यांवरून ठरवतात, त्याचाच हा जरा कागदी प्रकार.

रिचर्डसन यांना हे पटत नव्हतं. हवा वाहते, तापते, थंड होते, त्याचे भौतिकशास्त्राचे नियम ठाऊक आहेत. मग आजच्या आकड्यांवरून उद्याचे आकडे काढता का येऊ नयेत? नॉर्वेचे शास्त्रज्ञ विल्हेल्म बियर्कनेस यांनी ही कल्पना आधी मांडली होती. ती अंकांनी प्रत्यक्ष करून बघायचं धाडस रिचर्डसन यांनी केलं.

तेवढ्यात पहिलं महायुद्ध आलं. बंदूक धरायची नाही, पण जखमींकडे पाठही फिरवायची नाही, म्हणून १९१६ मध्ये त्यांनी नोकरी सोडली आणि क्वेकर मंडळींच्या रुग्णवाहिका पथकात दाखल झाले. फ्रान्सच्या आघाडीवर ते जखमी सैनिकांची गाडी चालवायचे. मधल्या विश्रांतीत, थंडगार मुक्कामाच्या जागी, गवताच्या ढिगावर बसून ते हवामानाचं गणित करायचे.

त्यांनी दिवस निवडला २० मे १९१०. कारण त्या दिवशीची युरोपातली फुग्यांनी घेतलेली वरच्या हवेची मोजमापं उपलब्ध होती. युरोपच्या नकाशावर सुमारे २०० किलोमीटरच्या चौकटी आखल्या, उंचीत हवेचे पाच थर केले. एका चौकटीत हवेचा दाब, शेजारच्या चौकटीत वारा, पुन्हा दाब, पुन्हा वारा, अगदी बुद्धिबळाच्या पटासारखं. सकाळी सातचे आकडे घेऊन म्युनिकजवळच्या जागेत सहा तासांत काय बदल होईल ते काढायचं. या सहा तासांच्या अंदाजाला त्यांना जवळजवळ सहा आठवडे लागले.

आणि उत्तर आलं, की सहा तासांत हवेचा दाब १४५ मिलिबारने वाढेल! आपल्या आसपास हवेचा दाब साधारण १००० मिलिबार असतो आणि रोज तो दोन-चार मिलिबारने खाली-वर होतो. १४५ ची वाढ पृथ्वीवर अशी कधी होतच नाही. प्रत्यक्षात त्या दिवशी दाब जवळपास होता तिथेच राहिला होता.

सगळी मेहनत घेऊन उत्तर साफ चुकलं होतं. त्यात १९१७ च्या शँपेनच्या लढाईत हस्तलिखितही हरवलं. काही महिन्यांनी ते बेल्जियममध्ये कोळशाच्या ढिगाखाली सापडलं!

चूक लपवली नाही

शिक्षक म्हणून मला सगळ्यात जास्त शिकवणारी गोष्ट इथे आहे.

१९२२ मध्ये त्यांचं पुस्तक केंब्रिज विद्यापीठाने प्रसिद्ध केलं. संख्यात्मक रीतीने हवामानाचा अंदाज, अशा अर्थाचं त्याचं नाव. त्यात त्यांनी तो फसलेला अंदाज पायरी पायरीने, सगळ्या तक्त्यांसह छापला. उत्तर चुकलं आहे हे स्वतःच सांगितलं, आणि सुरुवातीचे वाऱ्याचे आकडे सदोष असावेत असं कारणही दिलं. पायऱ्या समोर होत्या म्हणून पुढच्या लोकांना चूक नेमकी कुठे झाली ते शोधता आलं. आयर्लंडचे गणितज्ञ पीटर लिंच यांनी पुढे तेच गणित पुन्हा करून दाखवलं. सुरुवातीचे आकडे नीट समतोल करून घेतले, तर रिचर्डसन यांच्याच रीतीने समजूतदार उत्तर येतं.

चूक काय होती ते आपल्या भाषेत सांगतो. विहिरीवरून भरलेला हंडा घेऊन बाई चालते तेव्हा आतलं पाणी हिंदकळतं. एका क्षणी काठाशी पाणी झपाट्याने वर चढताना दिसतं. तोच वेग धरून कुणी हिशेब केला, की सहा तासांत पाणी किती चढेल, तर उत्तर डोंगराएवढं येईल. पण पाणी तर पुढच्याच क्षणी खाली येतं. मोजमापांतल्या बारीक विसंगतीमुळे रिचर्डसन यांच्या हवेतही असंच हिंदकळणं शिरलं होतं, आणि त्या क्षणाच्या वेगाला त्यांनी सहा तासांनी गुणलं.

आपण मुलाच्या वहीत चुकलेल्या उत्तरावर लाल फुली मारतो आणि पुढे जातो. पायऱ्या बघतो का? रीत बरोबर असून पहिलाच आकडा चुकीचा उतरवला असेल, तर ते मूल गणितात कच्चं नसतं. हे वाचल्यापासून मी फुलीऐवजी पायरीखाली रेघ मारतो.

चौसष्ट हजार माणसांचं सभागृह

त्याच पुस्तकात रिचर्डसन यांनी एक कल्पना रंगवली आहे. नाट्यगृहासारखं एक प्रचंड गोल सभागृह. भिंतींवर आणि छतावर पृथ्वीचा नकाशा. नकाशाच्या प्रत्येक तुकड्यापाशी आकडेमोड करणारी माणसं बसलेली. प्रत्येकाने आपल्या चौकटीचं गणित करायचं आणि उत्तर शेजाऱ्यांना दिसेल असं ठेवायचं. मध्यभागी उंच खांबावर एक प्रमुख. जो भाग पुढे पळतोय त्यावर तो गुलाबी प्रकाश टाकणार, जो मागे पडलाय त्यावर निळा. म्हणजे सगळे एका लयीत चालतील. हवामानाच्या बरोबरीने धावायला अशी ६४,००० माणसं लागतील, असा त्यांनी हिशेब केला होता.

मंडळी, संगणक जन्मायच्या आधीचं हे चित्र आहे. आजचा महासंगणक आतून असाच आहे. फक्त माणसांच्या जागी हजारो प्रोसेसर बसले आहेत.

पुढचं आयुष्य

१९१९ मध्ये ते हवामान खात्यात परत आले. पण वर्षभरात खातं हवाई दलाच्या मंत्रालयाकडे गेलं, आणि सैन्याच्या हाताखाली काम नको म्हणून १९२० मध्ये त्यांनी राजीनामा दिला. युद्धाला नकार दिलेल्या माणसाला विद्यापीठांची दारं जवळजवळ बंदच होती. मग ते लंडनच्या वेस्टमिन्स्टर ट्रेनिंग कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवू लागले. हे कॉलेज कशाचं, तर शिक्षक घडवणारं! म्हणजे आपल्या डी.एड. कॉलेजासारखंच. जगाच्या हवामानशास्त्राची वाट आखणारा माणूस नऊ वर्षं भावी शिक्षकांना शिकवत होता, हे वाचून मला फार बरं वाटलं.

१९२६ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. पन्नाशीकडे झुकताना त्यांनी मानसशास्त्राची पदवी घेतली. १९२९ ते १९४० ते स्कॉटलंडमधल्या पेस्ली इथल्या तंत्र महाविद्यालयाचे प्राचार्य होते. हवेच्या भोवऱ्यांवरचं आपलं काम विषारी वायू पसरवण्याचा अभ्यास करणाऱ्यांना उपयोगी पडतंय, हे कळल्यावर त्यांनी त्या कामातून अंग काढून घेतलं. युद्धं का होतात याचंच गणित मग ते मांडू लागले. देशांच्या सीमा मोजताना त्यांना आढळलं, की स्पेन आणि पोर्तुगालची एकच सीमा एका ठिकाणी ९८७ किलोमीटर, तर दुसऱ्या ठिकाणी १२१४ किलोमीटर दिलेली आहे. मोजपट्टी जितकी लहान, तितकी वेडीवाकडी रेघ लांब भरते. याच निरीक्षणावरून पुढे बेन्वा मँडेलब्रॉट यांनी मोठा विषय उभा केला.

१९५० मध्ये अमेरिकेत ज्यूल चार्नी, जॉन फॉन नॉयमन आणि सहकाऱ्यांनी एनियाक या संगणकावर पहिला हवामान अंदाज काढला. चोवीस तासांच्या अंदाजाला साधारण चोवीसच तास लागले. म्हणजे संगणकाने हवामानाला जेमतेम गाठलं. ही बातमी रिचर्डसन यांच्यापर्यंत पोहोचली, त्यांनी कौतुकाचं पत्रही पाठवलं. ३० सप्टेंबर १९५३ रोजी स्कॉटलंडमधल्या किलमन येथे झोपेतच त्यांचं निधन झालं.

पुण्याचं सभागृह

रिचर्डसन यांचं सभागृह आज आपल्यापासून फार लांब नाही. पुण्याला पाषाण रस्त्यावर भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्था आहे, स्थापना १९६२. तिथे जानेवारी २०१८ मध्ये प्रत्यूष नावाचा महासंगणक सुरू झाला, क्षमता ४ पेटाफ्लॉप. सप्टेंबर २०२४ मध्ये त्याच्या जागी मोठा आला, अर्क, क्षमता ११.७७ पेटाफ्लॉप. अर्क म्हणजे सूर्य.

पेटाफ्लॉप म्हणजे काय? आपली जुनी संख्यानामं आठवा. अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य. एकावर पंधरा शून्यं म्हणजे अंत्य. दर सेकंदाला एक अंत्य क्रिया म्हणजे एक पेटाफ्लॉप. आता तो चपळ मुलगा आठवा. तसे ६४,००० मुलगे आठवडाभर राबले, तर १२ कोटी ८० लाख क्रिया होतील. सेकंदाचे दहा कोटी भाग करा. त्यातल्या साधारण एका भागात अर्क तेवढं काम उरकू शकतो.

मग मोबाइल चुकतो का? उत्तर चौकटीच्या मापात आहे. रिचर्डसन यांच्या २०० किलोमीटरच्या चौकटीत मुंबई, नाशिक, पुणे आणि आपलं वैशाखरे एकत्र मावलं असतं. आपल्याकडचं जागतिक मॉडेल अलीकडे १२ किलोमीटरच्या चौकटींवर चालायचं. त्यातही पायथ्याचं गाव आणि नाणेघाटावरचं पठार एकाच चौकटीत येऊ शकतं, आणि चौकटीला सरासरी आकडा एकच. पण आपल्याला माहीत आहे, घाटमाथ्यावर धो धो पाऊस असतो आणि जरा पुढे जुन्नरकडे गेलं की रस्ता कोरडा.

मे २०२५ मध्ये पुण्याच्याच संस्थेने विकसित केलेली ६ किलोमीटर चौकटींची भारत फोरकास्ट सिस्टीम सुरू झाली. १२ चे ६ केले म्हणजे काम दुप्पट होतं, असं मुलं पटकन सांगतात. पाटीवर काढून दाखवा. एका चौकटीच्या चार होतात. शिवाय चौकट लहान झाली, की वेळेचं पाऊलही लहान घ्यावं लागतं, नाहीतर एका पावलात वारा चौकट ओलांडून जातो आणि गणित बिघडतं. पाऊल निम्मं, म्हणजे पावलं दुप्पट. चार गुणिले दोन, आठपट काम! म्हणून मोठं मशीन लागतं.

वर्गात करून बघा

मी हा खेळ मैदानावर घेतला. चुन्याने पाच बाय पाच चौकटी आखल्या, पंचवीस मुलं उभी केली, प्रत्येकाच्या पाटीवर एक आकडा. कडेच्या सोळा मुलांचा आकडा बदलायचा नाही. आतल्या नऊ मुलांनी चार शेजाऱ्यांचे आकडे मिळवायचे, चारने भागायचं, बाकी सोडून द्यायची. हा त्यांचा नवा आकडा.

आधी एकाच मुलीला नऊही गणितं करायला लावली, खूप वेळ गेला. मग नऊ जणांनी एकदम केली, झटकन झाली. पण नऊपट झटकन नाही! कारण दोन.

पहिलं म्हणजे एक मूल मागे राहिलं की सगळे थांबतात. रिचर्डसन यांचा निळा प्रकाश यासाठीच होता. दुसरं, मुलांचा निम्मा वेळ गणितात नाही, शेजाऱ्याला आकडा विचारण्यात जातो. एका मुलाकडे एक चौकट असेल, तर चार जणांना विचारावं लागतं. नऊ मुलं म्हणजे छत्तीस वेळा विचारणं. तेच नऊ चौकटींचा गठ्ठा एकाच मुलाला दिला, तर बाहेर फक्त बारा वेळा विचारावं लागतं, पण गणितं सगळी त्याच्याच अंगावर. माणसं वाढवत गेलं की गणित वाटलं जातं आणि बोलणं वाढत जातं. महासंगणकाचंही असंच होतं. म्हणून कागदावर लिहिलेल्या वेगातला थोडाच भाग हवामानाच्या मॉडेलमध्ये प्रत्यक्ष हाती येतो. नुसती मशीनं वाढवून भागत नाही, कामाची वाटणी शहाणपणाने करावी लागते.

शेवटी एका पाटीवर मुद्दाम ८ च्या जागी ८० लिहिलं. पहिल्या फेरीत चूक शेजाऱ्यांकडे गेली, दुसऱ्या फेरीत त्यांच्याही शेजाऱ्यांकडे. मुलं ओरडायला लागली, की सर, सगळ्यांचंच बिघडलं. मोजमाप चुकलं की अंदाज का चुकतो, ते मला वेगळं सांगावं लागलं नाही.

त्या पालकांना आता मी उत्तर देतो. मोबाइल खोटं बोलत नाही, पण तो अख्ख्या जिल्ह्याचं बोलतो. ठाण्याच्या खाडीपासून माळशेजपर्यंतचा जिल्हा एका ओळीत मावत नाही. अंदाज बघताना तो किती मोठ्या जागेचा आणि कधी काढलेला आहे ते बघा, कापणीच्या दिवशी सकाळी पुन्हा बघा, आणि घाटाकडे नजर ठेवाच. त्यांचं नुकसान यातून भरून येत नाही, हे मला कळतं. पण यंदा त्यांनी सगळा भात एकदम न कापता दोन वेळा मिळून कापला. त्यांची मुलगी त्या खेळात मधल्या चौकटीत उभी होती, आणि आठपट का, ते तिनेच त्यांना घरी समजावून सांगितलं.

तुमच्या शाळेत हा खेळ घेतलात, तर मुलांच्या चुकलेल्या पाट्या पुसू नका. त्या आधी सगळ्यांना बघू द्या.